कासवांच्या गांवीं मोटारीनें

मुलाबाळांना मोटारींत बसवून वन्य पशू पाहावयास निघण्याची हौस अलीकडे आपल्या कुटुंबांतून चांगलीच रुजली आहे. १९६६ सालीं इंग्लंडांतील लाँगलीट येथें एका सरदाराच्या वाड्याभोंवतालच्या विस्तीर्ण आवारांत सिंह मोकळे सोडण्यांत आले आणि लोकांनीं आपापल्या मोटारीच्या कांचा लावून त्यांच्यामधून फेरी मारावी अशी योजना निघाली. पिंजऱ्यांत जनावर आणि बाहेर माणूस हा प्राणिसंग्रहालयाचा जुना क्रम तेथें उलटा झाला. माणूस आंत बसला आणि जनावर बाहेर हिंडूं लागलें. मुंबईंत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील सिंहांची फेरी याच जातीची, आणि नागपूरजवळ गोरेवाडा येथें २६ जानेवारी २०२१ रोजीं उघडलेलें उद्यानहि त्याच जातीचें. ताडोब्याची गोष्ट निराळी. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेलें तें खरें अरण्य आहे, आणि तेथें वाघ दिसेल कीं नाहीं हें वाघच ठरवतो.

आमच्या दापोलीस यांपैकीं कांहींच नाहीं. त्यामुळें गेल्या फाल्गुनांत पुण्याहून भाऊजी-जाऊबाई आणि मुंबईहून वन्सं आपापल्या मुलांसह आल्या, तेव्हां बोरिवलीचे सिंह नुकतेच पाहून आलेला धाकटा भाचा पहिल्या जेवणालाच विचारता झाला, “मामी, इथें काय बघायचं?” मामंजींनीं पानावरून मान वर न करतां सांगितलें, “कासवं.” मुलाचा चेहरा पडला. कासव म्हणजे सशाच्या गोष्टींतलें, हळू चालणारें, दगडासारखें! त्याच्यासाठीं पहांटे उठावयाचें?

तरी दुसऱ्या दिवशीं पहांटे पांच वाजतां आम्ही बारा माणसें दोन मोटारींतून निघालों. आसूदचा उतार, हर्णै, आणि मग पाडल्यावरून आंजर्ल्याची खाडी, असा रस्ता आहे. ही खाडी पूर्वीं होडीनें ओलांडावी लागे. सासूबाई सांगतात कीं, कड्यावरच्या गणपतीला जावयाचें म्हणजे होडीची वाट पाहण्यांत अर्धा दिवस जाई. आतां पूल आहे, आणि झोंप न झालेल्या मुलांना खाडी केव्हां ओलांडली हें कळलेंहि नाहीं.

आंजर्ल्याच्या वाळूवर आणि येथून उत्तरेस मंडणगड तालुक्यांतील वेळासच्या वाळूवर ‘ऑलिव्ह रिडले’ जातीचीं सागरी कासवें अंडीं घालण्यास येतात. मादी सुमारें दोन फूट लांब आणि साधारण ४० किलो वजनाची. कार्तिक-मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत ती रात्रीच्या वेळीं, बहुधा भरतीच्या सुमारास, एकटीच वर येते. मागच्या वल्ह्यांनीं दीड फूट खोल खड्डा खणते, त्यांत शंभरांच्या आसपास अंडीं घालते, वाळू लोटून ती अंगानें थोपटते आणि परत जाते. पुन्हां त्या अंड्यांकडे ती फिरकत नाहीं. पुढच्या सुमारें पन्नास दिवसांत जें व्हावयाचें तें वाळूच्या उबेवर होतें. त्या उबेवर आणखी एक गोष्ट ठरते: वाळू अधिक तापली तर बहुतेक माद्या जन्मतात, थंड राहिली तर नर. पृथ्वीचें तापमान वाढत असल्याच्या ज्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वाचून पान उलटतों, त्यांचा हिशेब या खड्ड्यांत असा मांडला जातो.

ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथें हींच कासवें लाखांच्या संख्येनें एकदम किनाऱ्यावर चढतात. कोंकणांत तसा सोहळा नाहीं; येथें एका रात्रीं एखादी, कधीं दोन. म्हणूनच येथील एकेका घरट्याला मोल आहे. आणि म्हणूनच फार दिवस तीं कोणाच्या डोळ्यांवर आलीं नाहींत, म्हणजे ज्यांच्या यावयास हवीं होतीं त्यांच्या. ज्यांना अंडीं हवीं होतीं त्यांना तीं बरोबर दिसत. मादीच्या सरपटण्याचा माग सकाळच्या वाळूवर स्वच्छ उमटलेला असतो. त्याच्या टोकाशीं काठी खुपसून पाहिली कीं घरटें हातीं लागे. सासूबाईंच्या लहानपणीं तीं अंडीं टोपलींतून विकावयास येत. “आपल्याकडे कुणी घेत नसे,” असें त्या सांगतात. घेत नसूं हें खरेंच. परंतु देवळांत गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून पुढें जाणाऱ्या आपल्यासारख्यांनीं खऱ्या कासवाची चौकशीहि कधीं केली नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

ती चौकशी झाली चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्गमित्र’ या संस्थेकडून. २००२ सालीं समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करीत असतां संस्थेच्या कार्यकर्त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांचीं फुटकीं कवचें आढळलीं. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेव्हांपासून गांवकऱ्यांना विश्वासांत घेऊन अंडीं राखण्याचें काम आरंभिलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हें कासव पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला बसविलेलें आहे. पण रात्रीं तीन वाजतां वाळूवर कायदा उभा नसतो, माणूस उभा असावा लागतो. ज्यांना माग ओळखण्याची नजर होती तींच माणसें राखणीला सर्वांत उपयोगी पडलीं. पुढें २००६ च्या सुमारास वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरूं लागले, घरच्या बाईच्या हातचें जेवूं लागले, आणि कासवांवांचून जे पैसे गांवांत आले नसते ते येऊं लागले. वेळास हें नाना फडणीसांच्या भानू घराण्याचें गांव. तें आज अनेकांना नानांपेक्षां कासवांमुळें ठाऊक आहे, याचें मामंजींना थोडें वाईट वाटतें. मला वाटत नाहीं.

पद्धत साधी आहे. कासवमित्र उजाडण्यापूर्वीं किनारा पायीं धुंडाळतात. घरटें सांपडलें कीं अंडीं अलगद काढून जाळीच्या कुंपणांत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरतात आणि तारखेची पाटी लावतात. कोल्हे, कुत्रीं, घोरपडी आणि भरतीचें पाणी यांपासून तीं तेथें सुरक्षित राहतात. दिवस भरत आले कीं प्रत्येक खड्ड्यावर बुरडी टोपली पालथी घालतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात.

आम्ही पोंचलों तेव्हां फटफटलें होतें. मोटारी गांवांतच ठेवून सुरूच्या बनांतून पायीं जावें लागलें. भाच्याला याचेंच नवल वाटलें. बोरिवलीला गाडींतून उतरूं नका म्हणून बजावलें होतें, येथें उतरल्यावांचून आंत घेईनात. पहिल्या टोपलीखालीं कांहीं नव्हतें. दुसरीखालींहि नव्हतें. मुलें एकमेकांकडे आणि मग आमच्याकडे पाहूं लागलीं. तिसरी टोपली उचलली तों वाळूच जणूं हलूं लागली आणि करड्या-काळ्या रंगाचीं, आंगठ्यापेक्षां किंचित् मोठीं अशीं पिल्लें एकावर एक चढत वर आलीं. मोजलीं तीं सतरा.

त्यांना उचलून पाण्यांत सोडीत नाहींत. पाण्यापासून कांहीं अंतरावर दोन्ही बाजूंस दोऱ्या बांधून वाट मोकळी केलेली असते, तेथें त्यांना वाळूवर ठेवतात आणि तीं आपल्या पायांनीं जातात. जन्मलेला किनारा ओळखण्याची कांहीं खूण त्यांच्या ठायीं याच काळांत उमटते असें शास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांत भाग असतो. मादी दहा-पंधरा वर्षांनीं वयांत आली कीं बहुधा आपण जन्मलों त्याच भागांत अंडीं घालण्यास येते. पिल्लाला समुद्राची दिशा कळते ती उजेडावरून. रात्रीं पाण्यावरचें आकाश जमिनीपेक्षां उजळ असतें, तिकडे तें वळतें. किनाऱ्यावरच्या खानावळीचा दिवा किंवा मोटारीचा झोत अधिक उजळ असला कीं तें तिकडे जातें आणि उन्हांत वाळून मरतें.

सतरापैकीं सोळा नीट गेलीं. एक सारखें उलटें होई. पाणी येई, त्याला घेई आणि पुन्हां वाळूवर आणून टाकी. सशाच्या गोष्टीवरून कासवाची परीक्षा करणारा आमचा भाचा दोरीपाशीं उकिडवा बसून मुठी आवळून पाहत होता. सासूबाईंनीं पदर सांवरून हात जोडले होते. वीस मिनिटें तरी तो खेळ चालला. शेवटीं एक लाट आली ती त्याला घेऊनच गेली. हजारांत एखादेंच पिल्लू मोठें होतें, असें कासवमित्रानें मुलांना आधींच सांगून ठेवलें होतें, तें ऐकून पुतणी हळूच म्हणाली, “मग सतरा कमीच झालीं.”

मोठीं झालेलीं जातात कोठें, याचा उलगडा अगदीं अलीकडे होऊं लागला आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्यें वनखात्यानें व डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनें रत्नागिरी जिल्ह्यांत पांच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशीं संपर्क ठेवणारीं यंत्रें बसविलीं. वेळासची ती ‘प्रथमा’ आणि आंजर्ल्याची ‘सावनी’. माहेरवाशिणींना शोभावीं अशीं नांवें. पुढच्या वर्षीं गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेस जाऊन श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरांत शिरली. आणि २०२१ सालीं ओडिशांत जिच्या वल्ह्याला बिल्ला लावला होता अशी एक मादी जानेवारी २०२५ मध्यें गुहागरच्या वाळूवर अंडीं घालतांना सांपडली. पूर्व किनाऱ्याचीं कासवें निराळीं आणि पश्चिमेचीं निराळीं अशी समजूत होती, तिला त्यामुळें धक्का बसला आहे.

परततांना आम्ही मुरूड-कर्द्यावरून आलों. महर्षि कर्व्यांचें हें मुरूड, पण हल्लीं येथें येणारे बहुतेक येतात ते वाळूसाठीं. ओहोटीला कर्द्याची पुळण घट्ट आणि सपाट होते, आणि तीवरून मोटार भरधांव न्यावी, लाटांत चाकें भिजवावीं, असा मोह तरुणांना होतो. भाऊजींच्या थोरल्या मुलानेंहि आदल्या रात्रीं तसा बेत बोलून दाखविला होता. मामंजींनीं पंचांग मागवून त्याला आमच्याकडचा जुना हिशेब शिकविला: तिथीची पाऊणपट करावी, ती ढोबळमानानें भरतीची वेळ. त्या दिवशीं वद्य चतुर्थी, म्हणजे तीन वाजतां भरती, तीच पहांटे आणि तीच दुपारीं; मध्यें नऊच्या सुमारास ओहोटी. “नवाला वाळू तुझी, तीनला समुद्राची,” असें ते म्हणाले.

आम्ही कर्द्याला पोंचलों तेव्हां साडेदहा झाले होते आणि कोणा परगांवच्या मंडळींची मोटार पाण्याच्या कडेला आंसापर्यंत रुतली होती. चाक फिरवावें तसें तें अधिक खोल जाई. पाणी वळलें होतें. गांवांतून ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, आणि अर्ध्या तासानें ती निघाली. दर सुटींत असे प्रकार होतात. मोटारवाल्याचें नुकसान होतें तें त्याचें तो भरून देतो. परंतु चाकांच्या दाबानें वाळू दबून खालीं राहून गेलेलें एखादें घरटें चिरडतें, आणि चाकोरीची जी ओळ पडते ती दोन इंचांच्या पिल्लाला खंदकासारखी होते. त्यांतून वर चढतां न आल्यानें तें ओळीनेंच किनाऱ्याला समांतर चालत राहतें. ट्रॅक्टर त्याला ओढून काढावयास येत नाहीं. पुतण्या वरच्या रस्त्यावरून हें सारें पाहत उभा होता. त्यानें आपली मोटार खालीं उतरविण्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं.

महोत्सवाविषयींहि माझें मत सर्वस्वीं गोड नाहीं. गर्दीच्या रविवारीं दोरीबाहेर दोन-तीनशें माणसें उभीं असतात, प्रत्येकाच्या हातांत दूरध्वनीचें यंत्र, आणि पिल्लू पाण्याशीं पोंचतें त्या क्षणीं कोणी तरी दिवा चमकवतोच. पिल्लें निघालीं नाहींत तर पैसे वायां गेल्याची तक्रार करणारेहि भेटतात. बोरिवलीच्या सिंहाला ठरल्या वेळीं जागेवर आणून ठेवतां येतें. त्या सवयीनें येणाऱ्याला रिकामी टोपली ही व्यवस्थेंतली उणीव वाटते. तरी या गर्दीवरच कासवमित्राच्या घरची चूल काहीं अंशीं चालते, हें विसरून नाकें मुरडणें आम्हां दापोलीकरांना शोभणार नाहीं.

ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं फाल्गुन-चैत्र धरावा. मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य हा काळ त्यांतल्या त्यांत भरंवशाचा. एक रात्र न ठेवतां दोन ठेवाव्या, म्हणजे चार वेळां टोपली उचलली जाते. रविवार टाळावा. निघण्यापूर्वीं गांवांत चौकशी करावी. कोणत्या खड्ड्याचे दिवस भरत आले आहेत हें पाटीवरून त्यांना ठाऊक असतें आणि तें मोकळेपणीं सांगतात. वृद्ध मंडळींसाठीं वाळूंत चालण्याजोगें पायताण आणि बसावयास एखादी लहान चटई असावी. सासूबाईंना ती नव्हती. त्या वाळूवरच बसल्या, आणि उठतांना म्हणाल्या कीं, दुसऱ्या फेरीला संध्याकाळीं यावयाचें असेल तर दुपारचा स्वयंपाक लवकर उरकावा लागेल. संध्याकाळीं आम्ही गेलों. त्या वेळीं नऊ निघालीं.