गच्चीवरचं प्लास्टिकचं घर: लातूरच्या उन्हात ते झाडं वाचवत नाही, शिजवतं

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. हरितगृह परिणाम दरवर्षी फळ्यावर काढते, बाण दाखवते, मुलांकडून पाठ करून घेते. आणि त्याच मी मागच्या मार्चमध्ये ऑनलाइन 3,500 रुपयांचं प्लास्टिकचं ‘ग्रीनहाऊस’ मागवलं, गच्चीवर उभं केलं आणि त्यात टोमॅटो, मिरची, काकडीची चाळीस रोपं ठेवली. लेस्टरला राहणाऱ्या भाचीने तिच्या परसातल्या पॉलिटनेलचे फोटो पाठवले होते. लालभडक टोमॅटो, हिरवीगार पानं. म्हटलं, आपल्याकडे तर ऊनही जास्त, मग आपलं पीक दुप्पट यायला हवं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी शाळेतून आले तर सगळी रोपं मान टाकून पडलेली. प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून सावलीत धरून पाहिला. बाहेर 41 अंश, आत 54. सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, एवढंच विचारलं, “बेटा, याला झाकण कशाला लावलं होतं?” त्यांचा पुदिना जिन्याखाली, तुपाच्या जुन्या डब्यात, मजेत होता.

आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी असेच पैसे घालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऊन पारदर्शक प्लास्टिकमधून आत येतं, माती आणि पानं तापतात, त्यांच्यामुळे हवा तापते. उघड्यावर ही गरम हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. प्लास्टिक तिला अडवतं. बस, एवढंच. (पृथ्वीच्या बाबतीत पुस्तकात जे उष्णतेच्या किरणांचं सांगितलंय ते खरं आहे, पण साधं पॉलिथिन ते किरण फारसे अडवत नाही. या घरात खरं काम कोंडलेल्या हवेचं असतं.) इंग्लंडमध्ये मे महिन्यातही रात्री गारठा असतो, तिथे ही कोंडलेली ऊब म्हणजे नेमत. लातूरला एप्रिलमध्ये ऊब कोणी मागितली होती?

प्लास्टिकच्या शेतीसाठी जगात सर्वात गाजलेला भाग स्पेनमधला अल्मेरिया. हे शहर दहाव्या शतकात अंदलुसचे खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी वसवलं आणि नावही अरबीच, अल-मरिय्या. तिथे मैलोन्‌मैल प्लास्टिकची छपरं आहेत. पण उन्हाळा आला की तेच शेतकरी छपरांवर चुना फासतात, ऊन आत कमी यावं म्हणून. म्हणजे ज्यांचं पोटच हरितगृहावर आहे, तेही उन्हाळ्यात त्याला सावली करतात.

तेव्हा आपल्याकडे झाकायचं असेल तर आधी ठरवा, कशापासून झाकायचंय. उन्हापासून, पावसापासून की किडीपासून? तिन्हींची कापडं वेगळी आहेत.

उन्हासाठी शेडनेट. शेतीसाहित्याच्या दुकानात 35, 50, 75 टक्के असं मिळतं. हा आकडा नेट किती प्रकाश अडवतं त्याचा आहे. दुकानदार म्हणतात 75 घ्या, गार राहील. गार राहतं, पण रोपं उजेडासाठी उंच, बारीक, पांढुरकी होतात. पालेभाज्यांना 50 पुरे, मिरची-टोमॅटोला 35. नेट सात-आठ फूट उंच बांधा आणि बाजू मोकळ्या ठेवा, म्हणजे हवा खेळते आणि आपल्यालाही सरळ उभं राहून काम करता येतं. बांबू, नेट, दोरी मिळून माझे 1,800 रुपये गेले, त्या ‘ग्रीनहाऊस’च्या जवळपास निम्मे. त्याखाली मे महिन्यातही कोथिंबीर, पालक, तांदुळजा, पुदिना निघाला. टोमॅटो मात्र नाही. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचं फूल गळतं, नेटखालीही. टोमॅटोची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा आणि थंडीत खा.

पावसाचं वेगळं. माझी नणंद महाडला असते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे तिचा प्रश्न ऊन नाही. कोथिंबिरीवर चिखल उडतो, पानं सडतात, मुळं कुजतात. जुलै-ऑगस्टमध्ये जुडीचा भाव ऐकून आपण रिकामी पिशवी घेऊन परततो, त्याचं एक कारण हेच. तिथे प्लास्टिक खरोखर उपयोगी पडतं, पण फक्त डोक्यावर. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप कमानीसारखा वाकवायचा, वर 200 मायक्रॉनचा यूव्ही कागद ताणायचा, बाजू पूर्ण उघड्या. कमान नीट गोल हवी, सपाट भागात पाणी साचून कागद फाटतो. साधं पॅकिंगचं प्लास्टिक घेऊ नका, एका उन्हाळ्यात त्याचा भुगा होतो. आणि दोरी पक्की. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ आलं तेव्हा पत्रे उडाले होते. प्लास्टिकची काय कथा! वादळाचा इशारा आला की कागद काढून गुंडाळून ठेवायचा, कमानी उभ्या राहू द्यायच्या.

थंडीत काहीच लागत नाही. फक्त डिसेंबरमध्ये मिरचीचं बी टाकलं असेल तर गारठ्याने ते उगवायला वेळ लावतं. तेव्हा रात्री ट्रेवर प्लास्टिक टाका आणि सूर्य वर आला की काढा. 2026 चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणजे पुढची काही वर्षे इफ्तारच्या चटणीची कोथिंबीर ऐन थंडीत हवी, आणि ती उघड्यावर झकास येते. चाळीसेक दिवस आधी धणे हाताने रगडून, दोन फाका करून पेरायचे.

किडीसाठी बारीक जाळी, 40 मेशची. पांढरी माशी टोमॅटोच्या रोपाला लहानपणीच रोग लावते, पानं गोळा होतात आणि मग काही केल्या झाड सुधारत नाही. पहिले तीन-चार आठवडे रोपं या जाळीत ठेवली की बराच फरक पडतो. पण वेलभाज्या फुलावर आल्यावर जाळीत कोंडल्या तर मधमाशी येणार कुठून? काकडी, कारलं, दोडका, दुधी यांची नर-मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. नर फूल तोडून त्याचा पराग मादीला हाताने लावावा लागतो. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका-दुधीची संध्याकाळी, मगरिबच्या सुमारास. माझ्या मुलीने हे काम आवडीने घेतलंय. टोमॅटोला ही कटकट नाही, फुलांचा घोस हलक्या हाताने झटकला तरी भागतं.

फळांचं थोडक्यात. कागदी लिंबू, डाळिंब, अंजीर मोठ्या ड्रममध्ये येतात, त्यांना झाकू नका, ऊन हवंच. स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीची, पण ऑक्टोबरमध्ये रोपं आणून लावली तर लातूरलाही फेब्रुवारीपर्यंत तग धरते. माझ्या सहा रोपांना आठवड्याला दोन-तीन फळं लागायची. त्यावरून घरात भांडणं झाली, एवढाच फायदा.

पाण्याचं लातूरकरांना सांगायला नको. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी आपण प्यायलोय. नेटखाली माती हळू सुकते, हा नेटचा सर्वात मोठा फायदा मला वाटतो. घरात पाच माणसं पाच वेळा वुजू करतात. नळाखाली बादली ठेवली तर ते बिनसाबणाचं पाणी माझ्या सगळ्या कुंड्यांना पुरतं. फक्त ते मातीत ओता, पानांवर नको, कोथिंबीर-पुदिना आपण कच्चाच खातो. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र रोज घालू नका, त्यातले क्षार कुंडीत साठत जातात.

एक गोष्ट लोक विसरतात, वजन. 12 बाय 12 इंचाची एक पिशवी ओली झाली की वीस-पंचवीस किलो भरते. चाळीस पिशव्यांचा हिशोब तुम्हीच करा. भिंतीच्या कडेने, बीमच्या वर मांडा, खाली विटा ठेवून पाण्याला वाट द्या, आणि जुनी इमारत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा. सामायिक गच्ची असेल तर खालच्या मजल्यावरच्यांनाही, कारण गळती झाली की बोट तुमच्याच कुंड्यांकडे दाखवलं जाणार. पॉलिहाऊसचं सरकारी अनुदान शेतकऱ्याला सातबाऱ्यावर मिळतं, गच्चीवर नाही. त्या आशेने कुणा एजंटला पैसे देऊ नका.

त्या 3,500 च्या घराचा सांगाडा मी टाकला नाही. त्यावर आता 50 टक्क्यांचं नेट आहे, आणि प्लास्टिक जूनमध्ये कोथिंबिरीच्या छपरासाठी कापून ठेवलंय. अम्मींचा पुदिना अजून जिन्याखालीच आहे. वर न्यायला त्या तयार नाहीत.