कॅमेऱ्याला हाड दिसत नाही!

ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या एक गंमत करून बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बोटाने चाचपा, हाडाचा उंचवटा लागेल. नेमकी त्यावर एक टिकली चिकटवा (मुलांनो, लाजू नका, सेलोटेपचा तुकडाही चालेल). आता उभे राहा आणि पुन्हा चाचपा. टिकली एकीकडे, उंचवटा दुसरीकडे! टिकली सुटलेली नाही, तिच्याखालून हाड सरकलंय.

अशाच टिकल्यांच्या भरवशावर गुडघ्याचं मोजमाप होतं. धावणाऱ्या मंडळींत गेट ॲनालिसिसची (गेट म्हणजे दार नव्हे, चाल!) भलतीच क्रेझ आहे. मीही करून आले. पायांवर चमकणारे छोटे गोळे, भोवती इन्फ्रारेड कॅमेरे आणि ट्रेडमिलवर मी. शेवटी हातात रंगीत रिपोर्ट: 'धावताना गुडघा ४ अंश आत वळतो.' सोबत महागड्या इनसोलचा सल्ला.

मला खटकला तो त्या ४चा थाट. कॅमेरे खरंच भारी असतात, गोळ्याची जागा मिलिमीटरच्या आत पकडतात. पण गोळा कातडीवर असतो. खाली चरबी, स्नायू आणि मग कुठे हाड. पाऊल आपटलं की सगळं थरथरतं, स्नायू आवळला की फुगतो, सांधा वाकला की कातडी ताणली जाते. मांडीवरचा गोळा हाडापासून १ ते ३ सेंटिमीटर सहज भटकतो.

हे कळलं कसं? थेट हाडात पिना घालून! कॅलिफोर्नियात लेव्हन्स, इनमन आणि ब्लॉसर यांनी १९४८ मध्येच अशा पिनांनी चालतानाची हाडांची फिरकी मोजली होती. पुढे १९९७ मध्ये रायनश्मिट आणि सहकाऱ्यांनी धावणाऱ्यांच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत पिना बसवल्या, कातडीवर मार्करही लावले आणि दोन्हींची तुलना केली. गुडघा वाकण्यातली सरासरी चूक त्या हालचालीच्या २१ टक्के निघाली. आत-बाहेर वळण्यात ६३ टक्के, बाजूला कलण्यात ७०! म्हणजे माझे ४ अंश गुडघ्याचे की कातडीचे, कोण सांगणार?

'मग फिल्टर मार ना,' इति माझा आयटीवाला मित्र. तिथेच तर गोची आहे. कातडी पावलाच्याच तालात हलते. ती गाळायला जावं, तर खरी हालचालही गाळली जाते.

म्हणून वेगळ्या युक्त्या. एकेका गोळ्याऐवजी मांडीवर गोळ्यांचा पुंजका लावायचा आणि सगळ्यांना मिळून कमीत कमी चुकीने बसेल अशी हाडाची जागा गणिताने काढायची. एखादा गोळा भरकटला तर हे सांभाळून घेतं, पण अख्खं मांसच एका बाजूला सरकलं तर गणितही फसतं. लू आणि ओकॉनर यांनी १९९९ मध्ये अख्खा पाय सांध्यांनी जोडलेला धरून हिशेब मांडला. हुशारीची आयडिया! फक्त सांध्याने कसं हलायचं हे आपणच आधी ठरवून टाकतो, आणि दुखरा गुडघा नेमका तसा हलत नसला तर? मला आवडली ती साधी युक्ती: पाय सरळ असताना आणि वाकवलेला असताना, दोन्ही वेळा हाडाचे उंचवटे चाचपून नोंदवायचे आणि मधल्या प्रवासातलं सरकणं त्यावरून वजा करायचं. आपल्या टिकलीचाच सुधारलेला अवतार म्हणा ना! एक्स-रेच्या चलचित्रात हाड थेट दिसतं, पण त्यात किरणोत्सर्ग आला आणि चौकट इतकी छोटी की मोकळं धावणं अवघड.

इनसोलचं ठीक आहे, चुकलं तर पैसे जातील. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या मांडीचं हाड ऑपरेशनने किती फिरवायचं हे ठरवतानाही चालीच्या अशाच आलेखांचा आधार घेतात. तिथे डॉक्टर मुलाला टेबलावर झोपवून पाय हाताने वळवून बघतात, गरज पडली तर सीटी स्कॅन करतात आणि मगच आलेखाकडे वळतात.

मी रिपोर्टमधला वाकण्याचा आलेख फिजिओला दाखवला. वळण्याच्या आकड्याबद्दल लॅबला ईमेल केलाय: 'कातडीची चूक कोणत्या पद्धतीने वजा केलीत?' उत्तर येईपर्यंत इनसोल दुकानातच.