मुलांना इंग्रजी समजते का, हे कसे ओळखावे?

पुढील दोन वाक्ये वाचा.

‘काल दुपारी एका झिपट्या फेंगराने तीन लोबड्या फुरकटल्या. लोबड्या फार चिमरट असल्यामुळे फेंगराला त्या लगेच घुमरटाव्या लागल्या.’

आता प्रश्न सोडवू. लोबड्या कोणी फुरकटल्या? एका झिपट्या फेंगराने. किती फुरकटल्या? तीन. त्या लगेच का घुमरटाव्या लागल्या? कारण त्या फार चिमरट होत्या. तीनपैकी तीन गुण! पण फेंगर म्हणजे काय आणि फुरकटणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही, कारण हे शब्द आम्ही आत्ताच तयार केले आहेत. मराठी वाक्याची ठेवण आपल्या अंगवळणी पडलेली असते. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधले आणि शेजारचे शब्द उचलले की काम झाले.

आठवी-नववीच्या इंग्रजीच्या पेपरात अनेक मुले नेमके हेच करतात. उताऱ्यावरच्या प्रश्नांना त्यांना पाचपैकी चार गुण मिळतात, आणि उतारा कशाबद्दल होता असे मराठीत विचारले तर ती गप्प होतात. उलट, कित्येक मुलांना बोललेले इंग्रजी बरेचसे समजते, पण छापील पान समोर आले की ती अडखळतात. गुणपत्रिकेत दोघांपुढे एकच शेरा येतो: ‘इंग्रजी कच्चे’. नेमके काय कच्चे आहे, हे त्या शेऱ्यातून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय उपायही करता येत नाही.

वाचता येणे आणि समजणे

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची चाचणी घेतली गेली. २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत ही पाहणी झाली. इंग्रजीतील साधी वाक्ये ५७.३ टक्के मुलांना वाचता आली. ज्यांना ती वाचता आली, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभर मुले घेतली, तर सुमारे ५७ जण वाक्य वाचतात, ४२ जणांना ते समजते, आणि मधली १५ मुले न समजता वाचतात. केवळ मोठ्याने वाचून घेणाऱ्या शिक्षकाला ही १५ मुले कधीच सापडणार नाहीत.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. नेपाळी भाषेतले वर्तमानपत्र मराठी माणूस बऱ्यापैकी मोठ्याने वाचू शकेल, कारण लिपी तीच आहे. मात्र अर्थ तुकड्यातुकड्यानेच लागेल. याउलट, अक्षरओळख नसलेली आजी पोथी ऐकून तिचा अर्थ नातवंडांना सांगते. एकाकडे लिपी आहे, भाषा नाही. दुसरीकडे भाषा आहे, लिपी नाही. पुस्तक हातात देऊन स्वतः वाचायला सांगितले, तर समजून वाचणे दोघांनाही जमणार नाही.

बेरीज नव्हे, गुणाकार

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली ही गोष्ट एका सोप्या सूत्रात मांडली:

वाचन-आकलन = शब्द ओळखण्याची क्षमता × ऐकून समजण्याची क्षमता

दोन्ही क्षमता ० ते १ या मापात मोजायच्या. येथे बेरीज न करता गुणाकार का, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरीमुळे काहीतरी हाती लागते. गुणाकारात एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. नेपाळी वर्तमानपत्र आणि आजीची पोथी यांचा हिशेब असा गुणाकारानेच जुळतो.

या सूत्राचा शिक्षकाला होणारा खरा उपयोग पाहा. समजा, एका मुलीची शब्द ओळखण्याची क्षमता ०.९ आहे आणि ऐकून समजण्याची ०.५. गुणाकार ०.४५. शेजारच्या मुलाचे आकडे नेमके उलटे आहेत: ०.५ आणि ०.९. गुणाकार पुन्हा ०.४५. वाचनाच्या परीक्षेत दोघांना सारखेच गुण मिळतील. पण मुलीला शब्दसंग्रह आणि भाषेचा सहवास हवा आहे, तर मुलाला अक्षरे आणि उच्चार यांची सांगड घालायला शिकवायला हवे. दोघांना एकच जादा तास दिला, तर कोणा एकाचा वेळ वाया जाणारच.

हे सूत्र मुळात वाचनाचा विचार करताना मांडले गेले आणि त्यात सारे काही येत नाही. पण वाचनाची परीक्षा एकटी घेऊ नये, तिच्या जोडीला ऐकण्याचीही घ्यावी, एवढा धडा त्यातून नक्की मिळतो.

वर्गात करून पाहण्याजोगी चाचणी

साधारण सारख्या कठीणतेचे, १२० ते १५० शब्दांचे दोन इंग्रजी उतारे निवडा. त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणू. पाठ्यपुस्तकातले उतारे नकोत, कारण ते गाईडमुळे पाठ झालेले असतात. प्रत्येकावर सहा प्रश्न काढा.

वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने ‘क’ ऐकायचा आणि ‘ख’ वाचायचा; दुसऱ्याने ‘ख’ ऐकायचा आणि ‘क’ वाचायचा. ही अदलाबदल का? आपल्या नकळत ‘क’ सोपा असेल आणि सगळ्या वर्गाने तोच ऐकला असेल, तर मुलांना ऐकलेले जास्त समजते असा चुकीचा निष्कर्ष निघेल. अदलाबदल केली की वर्गाच्या सरासरीतून उताऱ्याचा हा फरक वजा होतो. प्रयोगशाळेत आपण हीच काळजी घेतो. एकेका मुलाबद्दल मात्र एकाच चाचणीवरून मत बनवू नये. महिन्याभराने दुसरे दोन उतारे घेऊन पुन्हा पाहावे.

प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तरेही मराठीत घ्या. काही शिक्षकांना हे खटकेल. पण इंग्रजीत उत्तर लिहिणे हे तिसरेच कौशल्य आहे. मुलाने उत्तर चुकवले, तर त्याला उतारा समजला नाही की वाक्य लिहिता आले नाही, हे सांगता येणार नाही. शिवाय मराठीत उत्तर द्यायचे असले, की लोबड्या-फेंगराची युक्ती चालत नाही.

शेवटी, प्रत्येक मुलाकडून एक मिनिट नवा उतारा मोठ्याने वाचून घ्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. साठ मुलांचा वर्ग असेल तर रोज दहा-बारा मुले घेतली की आठवड्यात काम संपते.

आता तीन आकडे हाती आले: ऐकून समजणे, वाचून समजणे, मोठ्याने वाचणे. त्यांतून मुलांचे चार प्रकार दिसतात.

(१) ऐकलेले समजते, वाचलेले नाही, मोठ्याने वाचतानाही अडखळतो. अडचण लिपीची आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे पक्के असते. इंग्रजीत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे ‘टफ’मध्ये ‘अफ’, ‘कॉफ’मध्ये ‘ऑफ’, ‘दो’मध्ये ‘ओ’ आणि ‘थ्रू’मध्ये ‘ऊ’ अशी वाचली जातात. अशा मुलाला स्पेलिंगचे गट करून शिकवावे.

(२) वाचलेले समजते, ऐकलेले नाही. शब्द डोळ्यांच्या ओळखीचे आहेत, कानांच्या नाहीत. रोज पाच मिनिटे ऐकवणे हा यावरचा उपाय.

(३) मोठ्याने वाचन झकास, पण ऐकून किंवा वाचून काहीच समजत नाही. हीच ती ‘असर’मधली मुले. त्यांना शब्द आणि वाक्ये अर्थासह हवीत. आणखी मोठ्याने वाचून घेण्याने काही साधणार नाही.

(४) तिन्ही कच्चे. येथे खालच्या इयत्तेच्या पुस्तकापासून, न लाजता सुरुवात करावी.

कानांच्या अडचणी

लिहिताना दोन शब्दांत आपण जागा सोडतो. बोलण्यात अशी जागा नसते. ‘नॉट ॲट ऑल’ हे तीन शब्द कानावर ‘नॉटॅटॉल’ असे एकसंध येतात. ‘कॅन’ हा शब्द सुटा नीट ऐकू येतो, वाक्यात मात्र त्याचा ‘कन्’ होतो. त्यात काही ध्वनिभेद मराठी कानाला सवयीचे नाहीत. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक आपण लिहिताना पाळतो, पण बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसे लक्ष देत नाही. इंग्रजीत तेवढ्याने जहाजाची मेंढी होते.

शब्द ओळखीचे आहेत की नाहीत आणि प्रवाहात ते वेगळे काढता येतात की नाही, हे तपासायला श्रुतलेखन हे जुने साधन अजूनही उत्तम आहे. मात्र शब्द तोडून तोडून न सांगता सात-आठ शब्दांचे वाक्य सहज वेगाने एकदा म्हणावे आणि मग लिहायला सांगावे. मुलाने ‘नॉट ॲट ऑल’च्या जागी एकच भलता शब्द लिहिला, तर चूक कोठे आहे ते लगेच दिसते. येथे स्पेलिंगचे गुण कापू नयेत.

ऐकलेले निघून जाते, मागे जाऊन पाहता येत नाही. म्हणून प्रश्न आधी वाचू द्यावेत, नाहीतर आपण समज न तपासता स्मरणशक्ती तपासू. उतारा दोनदा ऐकवावा. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का, हे स्वतः तेथे बसून पाहावे. नाहीतर मागच्या मुलांची परीक्षा होण्याऐवजी मोबाइलच्या स्पीकरचीच परीक्षा होईल. अधूनमधून अनोळखी आवाजही ऐकवावा, कारण आपल्या बाईंचे किंवा सरांचे इंग्रजी मुलांना सवयीने समजत असते.

उतारा कसा निवडावा?

अनोळखी शब्द किती चालतील? हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली दाखवले, की एखादा मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. ८० टक्के शब्द माहीत असलेल्यांपैकी कोणालाही मजकूर पुरेसा समजला नाही. शंभर शब्दांत वीस शब्द अडणाऱ्या मुलाला ‘संदर्भावरून अर्थ लाव’ असे सांगणे निरर्थक आहे, कारण संदर्भच त्याच्या हाती नसतो.

विषयाची माहितीही मोठी भूमिका बजावते. अमेरिकेत रेश्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेटचा उतारा दिला तर हेच होईल. ‘मेडन ओव्हर’ म्हणजे काय हे ज्या मुलीला ठाऊक नाही, तिचे इंग्रजी कच्चे ठरवणे अन्यायाचे आहे. म्हणून विषय बदलते ठेवावेत. प्रश्न काढल्यावर ते एखाद्या दुसऱ्या वर्गाला उतारा न देताच सोडवायला द्यावेत. उतारा न वाचता बहुतेकांना जे प्रश्न सुटतील, ते सामान्यज्ञानाचे आहेत. ते काढून टाकावेत. चार पर्यायांचे वीस प्रश्न असतील, तर नुसत्या अंदाजानेही सरासरी पाच बरोबर येतात, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक स्वस्त साधन म्हणजे विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली ‘क्लोज’ चाचणी. उताऱ्याचे पहिले वाक्य तसेच ठेवून पुढे दर पाचवा शब्द गाळायचा आणि मुलांना गाळलेल्या जागा भरायला सांगायचे. प्रश्न काढायची गरज नाही. मूळ शब्दच बरोबर धरला, तर ढोबळमानाने चाळीस टक्क्यांहून कमी जागा भरता आल्यास तो उतारा त्या मुलासाठी फार कठीण आहे असे समजावे.

परीक्षेत जे येते, तेच वर्गात येते

दक्षिण कोरियात महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ ऐकण्यावर असतात. ते चालू असताना देशभर विमानांची उड्डाणे व उतरणे थांबवतात. जपानने २००६ साली प्रवेशपरीक्षेत ऐकण्याचा भाग आणला आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र ध्वनियंत्र दिले. २०२१ पासून तेथे वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० गुण आहेत. ज्याला गुण मिळतात, त्याला वर्गात वेळ मिळतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. दहावीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात मात्र कानांना जागा नाही. उरलेल्या २० अंतर्गत गुणांत ती मिळू शकते. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे हे २० गुण नव्हते. अभ्यासक्रमही नवा होता. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्या वेळची बहुतेक चर्चा उत्तीर्ण होण्याच्या आधाराबद्दल झाली. हे गुण नेमके कशासाठी आहेत, हा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न प्रत्येक शाळेला आपल्यापुरता सोडवता येईल. दोन उतारे, बारा प्रश्न आणि एका मिनिटाचे वाचन यांना बोर्डाच्या परवानगीची गरज नाही. या चाचणीचे गुण गुणपत्रिकेत लिहू नका. आपल्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे एवढेच लिहा: अक्षरे, कान की अर्थ? ‘इंग्रजी कच्चे’ या शेऱ्याच्या जागी हा एक शब्द आला, की उद्याच्या तासाला काय करायचे ते आपोआप ठरते.