कोणते सव्वीस?

सायकलीचे दुकान तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. छताला टायर टांगलेले असतात, भिंतीवर रिमा लटकत असतात आणि डब्यांत छर्रे, नट, बोल्ट भरलेले असतात. सायकलीचा एखादा भाग मोडला, की आपण दुकानात जातो, नाव सांगतो आणि तो भाग घेऊन येतो. काम सोपे वाटते. पण त्याच सायकलीला छोटे इंजिन बसवलेले असेल, तर हे काम सोपे राहत नाही. तेव्हा केवळ नाव सांगून चालत नाही. माप सांगावे लागते.

सायकलीला इंजिन लावण्याची कल्पना फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पेट्रोल कमी आणि मोटारगाड्या महाग होत्या. त्या काळात साध्या सायकलीवर बसवण्याची लहान इंजिने तेथे लोकप्रिय झाली. पुढे मोटार आणि पायडल या दोन्हींवर चालणाऱ्या गाडीला ‘मोपेड’ हे नाव पडले. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने ‘लुना’ ही मोपेड आणली. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना ती नक्की आठवत असेल. लुना कारखान्यातच इंजिनासाठी तयार केलेली होती. साध्या सायकलीला नंतर इंजिन बसवले, तर तिची चाके मात्र माणसाच्या पायांच्या जोरासाठी बनवलेली असतात. म्हणून ती लवकर झिजतात आणि बदलावी लागतात.

समजा, एक पाववाला आहे. पहाटे बेकरीतून पाव घेऊन तो गल्लोगल्ली विकतो. त्याच्या सायकलीला इंजिन बसवलेले आहे. एके दिवशी खड्ड्यात आदळून मागचे चाक वाकले. तो दुकानात गेला.

“चाचा, सव्वीसचं एक मागचं चाक द्या,” तो म्हणाला.

“कोणतं सव्वीस, बेटा?” दुकानदाराने विचारले.

“म्हणजे? सव्वीस म्हणजे सव्वीस इंच!”

“तसं नसतं. आधी जुना टायर दाखव.”

दुकानदाराचा प्रश्न योग्य होता. ‘२६’ हा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, आणि तोही ढोबळ असतो. रिमवर टायर जेथे बसतो, तेथील व्यास वेगळा असतो. एका टायरवर ‘२६ × १ ३/८’ असे लिहिलेले असते. दुसऱ्यावर ‘२६ × १.७५’ असे असते. दोन्ही सव्वीसच. परंतु पहिल्या टायरच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर दुसऱ्याच्या रिमचा ५५९ मिलिमीटर असतो. फरक ३१ मिलिमीटरचा आहे. म्हणून एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर कधीच बसत नाही.

अठ्ठावीसचेही तसेच आहे. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीचा टायर ‘२८ × १ १/२’ असतो. त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. पण ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसणारे टायरही अठ्ठावीसचे म्हणूनच ओळखले जातात.

मग खरे माप कोठे मिळेल? ते टायरच्या बाजूवरच लिहिलेले असते. तेथे ‘३७-५९०’ किंवा ‘४०-६३५’ असे दोन आकडे दिसतील. पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास सांगतो. दोन्ही माप मिलिमीटरमध्ये असते. हा दुसरा आकडा जुळला, तरच टायर रिमवर नीट बसतो. वहीत लिहून ठेवण्यासारखा आकडा हाच आहे.

कोणी म्हणेल, रिम आणि टायर दोन्ही नवे घेतले, तर काय बिघडले? बिघडते ते ब्रेकमध्ये. पाववाल्याच्या सायकलीची रिम ५९० ची होती. त्याने ५५९ ची रिम बसवली, तर नव्या रिमची कड प्रत्येक बाजूने साडेपंधरा मिलिमीटर आत जाईल. ब्रेकचे रबर रिमवर न दाबता टायरवर घासेल किंवा हवेतच राहील. चाक फिरेल, इंजिनही चालेल, पण गाडी थांबणार नाही. हा दोष दुकानात उभ्या सायकलीवर सहज दिसत नाही. तो उतारावर कळतो.

इंजिनाच्या सायकलीत ब्रेकचे महत्त्व का वाढते, ते पाहू. वेग दुप्पट झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल ताशी ३० किलोमीटरने धावू लागली, तर तोच ब्रेक लावल्यावर तिला थांबण्यासाठी सुमारे चौपट अंतर लागते. त्यात पाठीमागे पावांची भरलेली टोपली असेल, तर ओझे आणखी वाढते. पावसात पोलादी रिम ओली झाली, की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरते. म्हणून चाक निवडताना ब्रेकचा विचार आधी करावा.

आता दातेरी चक्राकडे वळू. दुकानात त्याला ‘स्प्रॉकेट’ म्हणतात. पायडलची चेन सायकलीच्या उजव्या बाजूला असते. त्यामुळे इंजिनाची चेन बहुधा डाव्या बाजूला घेतात आणि मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला आणखी एक मोठे स्प्रॉकेट बसवतात. बाजारात मिळणाऱ्या इंजिनसंचांत या मोठ्या स्प्रॉकेटला बहुधा ४४ दाते असतात आणि इंजिनावरील लहान स्प्रॉकेटला १० दाते असतात. मोठे स्प्रॉकेट नऊ बोल्टांनी चाकाच्या स्पोकांना, म्हणजेच आऱ्यांना, आवळतात. स्पोकांना इजा होऊ नये म्हणून मध्ये रबराच्या जाड चकत्या घालतात.

येथे एक छोटेसे गणित आहे. नऊ बोल्टांची ही रचना ३६ स्पोकांच्या चाकासाठी केलेली असते. ३६ स्पोकांपैकी १८ डाव्या बाजूला असतात. १८ ला ९ ने भागले, तर २ येतात आणि बाकी शून्य उरते. म्हणून प्रत्येक बोल्ट दोन दोन स्पोक सोडून मोकळ्या जागेत बसतो. परंतु आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० स्पोक असतात. ४० चे अर्धे २०. त्याला ९ ने भागले, तर बाकी २ उरते. परिणामी काही बोल्ट थेट स्पोकांवर येतात. मग कोणी स्पोक वाकवून बोल्ट घुसवतो. काही दिवसांनी ते स्पोक एकामागून एक तुटतात आणि चाक डगमगू लागते. म्हणून अशा सायकलीचे मागचे चाक घेण्यापूर्वी त्याचे स्पोक मोजावेत. या कामासाठी फक्त बोट आणि धीर लागतो.

स्पोकांची जाडीही पाहावी. १४ गेजचा स्पोक सुमारे २ मिलिमीटर जाड असतो, तर १२ गेजचा सुमारे २.६ मिलिमीटर असतो. गेजचा आकडा कमी, तर तार जाड. इंजिनाची ओढ सहन करण्यासाठी जाड स्पोक चांगले. काही जण स्प्रॉकेट स्पोकांऐवजी चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, म्हणजे हबवर, पकड लावून बसवतात. ही पद्धत स्पोकांना सुखाची आहे. मात्र पकड आणि हब यांची जाडी तंतोतंत जुळली पाहिजे. ती सैल असेल, तर पकड हबवर फिरत राहते.

स्प्रॉकेटला चेनही जुळावी लागते. साध्या सायकलीच्या चेनमध्ये एका रोलरच्या मध्यापासून पुढच्या रोलरच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, अंतर असते. अनेक इंजिनसंचांत ‘४१५’ क्रमांकाची चेन असते. या क्रमांकाचा अर्थ असा : पहिला ४ म्हणजे ४/८ इंच, म्हणजेच अर्धा इंच अंतर. १५ म्हणजे १.५/८ इंच, म्हणजेच ३/१६ इंच आतली रुंदी. साध्या सायकलीच्या चेनची आतली रुंदी १/८ इंचच असते. दोन्हींत अंतर एकच, पण रुंदी वेगळी. म्हणून सायकलीची चेन ४१५ च्या जाड दात्यांवर बसत नाही. उलट ४१५ ची चेन सायकलीच्या पातळ दात्यांवर बसते, पण सैल राहते आणि उतरते. शंभर सीसीच्या बऱ्याच मोटारसायकलींवर ‘४२८’ ची चेन असते. तिचेही अंतर अर्धा इंचच. परंतु तिचे रोलर अधिक जाड असतात. ‘अर्धा इंच आहे ना, मग चालेल’ असे म्हणणारा येथेही फसतो.

दात्यांची संख्या बदलली, तर गाडीचा स्वभाव बदलतो. ४४ ला १० ने भागल्यास ४.४ येतात. या संचातील इंजिनाच्या आतही वेग सुमारे ४.१ पट कमी केलेला असतो. म्हणजे इंजिन सुमारे १८ वेळा फिरते, तेव्हा चाक एकदा फिरते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सव्वीस इंची चाक सुमारे १६६ फेरे घेते आणि सायकल ताशी साडेवीस किलोमीटरच्या आसपास जाते. ४४ ऐवजी ३६ दात्यांचे स्प्रॉकेट बसवले, तर त्याच फेऱ्यांत वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर होतो. पण ही वाढ फुकट मिळत नाही. चाकाला मिळणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. पाववाल्याच्या वाटेवर चढ असेल, तर टोपली भरलेली सायकल चढावर अडखळेल. त्याच्यासाठी ४४ दातेच बरे. शिवाय आठ दाते कमी केले, तर चेनही सुमारे चार कड्यांनी तोडावी लागते.

नवे स्प्रॉकेट बसवले, तरी चेन जुनीच ठेवणे योग्य नाही. चेनच्या २४ कड्या मोजाव्यात. नव्या चेनमध्ये त्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती १२ १/१६ इंच झाली, तर चेन बदलावी. १२ १/८ इंच झाली असेल, तर चेनबरोबर स्प्रॉकेटचे दातेही झिजलेले असतात. झिजलेला दाता आकड्यासारखा एका बाजूला वाकडा दिसतो.

चाक बसवल्यावर ते हाताने सावकाश फिरवावे. फ्रेमला टेकवून एक पेन्सिल स्प्रॉकेटजवळ धरावी. पेन्सिल आणि दाते यांमधील फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे. चाक डावीकडे-उजवीकडे हलत असेल, तर स्पोक आवळून त्याचा ‘आऊट’ काढावा लागतो. दोन्ही स्प्रॉकेटे एका सरळ रेषेत हवीत. चेन मध्यभागी सुमारे अर्धा इंच वरखाली व्हावी. हे सारे इंजिन बंद असतानाच तपासावे. चालू चेनजवळ बोट किंवा कपडा नेऊ नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्याहून मोठे इंजिन असेल, तर नोंदणी, परवाना आणि विमा हवा. वर सांगितलेली इंजिने बहुधा त्याहून मोठी असतात. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठीही वयाची १६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तेव्हा मित्रांनो, तुम्ही आज मोजायला आणि पारखायला शिका. चालवण्याची वेळ पुढे येईलच.

पाववाल्याने जुना टायर दाखवला. त्यावर ३७-५९० असे होते. दुकानदाराने ५९० ची, ३६ स्पोकांची रिम शोधून दिली. शोधायला अर्धा तास गेला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे, उतारावर एक लहान मूल अचानक आडवे आले, तेव्हा पाववाल्याने ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी थांबली.

स्वाध्याय

१. ‘कोणतं सव्वीस?’ असे दुकानदाराने का विचारले?
२. ४० स्पोकांच्या चाकावर नऊ बोल्टांचे स्प्रॉकेट नीट का बसत नाही? गणित करून दाखवा.
३. पाववाल्यासाठी ४४ दात्यांचे स्प्रॉकेट का चांगले?
४. चाक, दाता, उतार, ओझे, वेग – या शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा आणि प्रत्येक मराठी शब्दाचे एक वाक्य तयार करा.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या सायकलीच्या टायरवरील आकडे आणि दोन्ही चाकांचे स्पोक मोजून वहीत नोंद करा.