रँडम फाइल गेली, बरे झाले

मुखेडच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: जुन्या सी प्रोग्रॅममध्ये 'कर्लऑप्ट रँडम फाइल' अशी ओळ आहे आणि कंपायलर ती कालबाह्य ठरवतो. ती काढली तर सुरक्षितता कमी होईल का?

अजिबात नाही. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या-पाठवणाऱ्या 'कर्ल'च्या लायब्ररीला, म्हणजे 'लिबकर्ल'ला, सुरुवातीचा रँडम आकडा, म्हणजे सीड, कोणत्या फाइलमधून घ्यायचा हे ती ओळ सांगत असे. २०२२ मध्ये, ७.८४.० या आवृत्तीत, ही सोय मोडीत निघाली.

पण सीड लागतेच कशाला? इथे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवतात. २०२२ हाच आकडा घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा: २२२० वजा ०२२२, उत्तर १९९८. (कर्ल याच साली जन्मले, काय योग आहे!) तीच कृती पुन्हा केली की ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचते. वाटेतले आकडे कसेही उड्या मारताना दिसोत, सुरुवात कळली की सगळे कळले.

संगणकाचे रँडम आकडेही अशाच ठरलेल्या कृतीतून निघतात. जॉन फॉन नॉयमन यांची जुनी रीत होती: संख्येचा वर्ग करा, मधले अंक घ्या. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. मधले अंक पुन्हा ३७९२! आजच्या रीती अशा अडकत नाहीत, पण सीड ओळखता आले तर त्यांचेही पुढचे सारे आकडे काढता येतात, आणि त्यांवर बेतलेली गुप्त किल्लीसुद्धा.

डेबियन लिनक्समध्ये २००६ ते २००८ या काळात नेमके हेच झाले. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली एक ओळ काढल्याने सीडमध्ये उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. शक्यता उरल्या अवघ्या ३२,७६८. एवढ्या किल्ल्या साधा संगणकही तपासून टाकतो.

म्हणून सीड पुरवण्याचे काम कर्नलकडेच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडेच हवे. लिनक्समध्ये थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये त्याची सोय केली. कळ कधी दाबली, डिस्कने कधी उत्तर दिले, अशा बारीक वेळांमधली अनिश्चितता कर्नल सतत गोळा करत राहतो.

फाइलचे मात्र तसे नाही. तिची नक्कल होते, ती दुसऱ्याला वाचता येते, एकच फाइल दोन यंत्रांवर जाऊ शकते. कर्ल ओपनएसएसएल वापरत असेल, तर २०१६ च्या ओपनएसएसएल १.१.० पासूनच ही ओळ निष्प्रभ झाली आहे. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून तेवढे नाव ठेवले आहे.

तेव्हा ती ओळ बिनधास्त काढा. आणि तुमचे ओपनएसएसएल १.१.० च्या आधीचे असेल, तर आधी ते बदला.