पंचावन्न पौंडांचा अर्थ

महाराष्ट्रातील क्रीडासाहित्याच्या दुकानांत टेनिस किंवा बॅडमिंटनच्या रॅकेटला नव्या स्ट्रिंग्ज घालण्याच्या कामाला ‘गटिंग’ म्हणतात. या शब्दातला ‘गट’ म्हणजे प्राण्याचे आतडे. पिंजाऱ्याच्या धनुकलीची किंवा सारंगीची तात ज्या द्रव्याची वळली जाई, त्याच द्रव्याची टेनिसची स्ट्रिंगही असे. लॉन टेनिसचे पेटंट इंग्लंडमध्ये १८७४ साली घेतले गेले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधील लिऑन येथे, वाद्यांच्या तारा बनवणाऱ्या व्यवसायातून आलेल्या पिएर बाबोला यांनी टेनिससाठी आतड्याची स्ट्रिंग तयार केली. नैसर्गिक गट आजही मिळतो, पण तो महाग असतो आणि दमट हवेत फुगून त्याचे तंतू सुटू लागतात, त्यामुळे मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो वापरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. सामान्य खेळाडूच्या रॅकेटमध्ये आता नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची स्ट्रिंग असते. ब्राझीलच्या गुस्तावो कुएर्तेन याने १९९७ साली पॉलिएस्टरच्या स्ट्रिंग्जनी फ्रेंच ओपन जिंकल्यावर या द्रव्याकडे साऱ्यांचे लक्ष गेले. गट गेला तरी गटिंग हा शब्द मात्र राहिला आहे.

गटिंगला देताना खेळाडू एक आकडा सांगतो, उदाहरणार्थ ५५ पौंड, आणि हा आकडा जणू पायातल्या बुटाच्या मापासारखा नेमका आहे असे दोन्ही बाजू गृहीत धरतात. प्रत्यक्षात तो केवळ यंत्राने स्ट्रिंग ओढण्याच्या क्षणी लावलेल्या जोराचा आकडा असतो. स्ट्रिंग चिमट्यात पकडताना, दुसऱ्या स्ट्रिंगवर घासताना, भोकातून वळताना आणि पुढे नुसती पडून राहतानाही ताण उतरत जातो, आणि तो किती उतरेल हे यंत्राच्या जातीवर व कारागिराच्या हातावर अवलंबून असते. म्हणून एका दुकानातले ५५ आणि दुसऱ्या दुकानातले ५५ हातात वेगवेगळे लागतात. घरी यंत्र घेण्याचे खरे कारण येथेच आहे. घरच्या यंत्राचा आकडा दुकानातल्यापेक्षा अधिक अचूक असेलच असे नाही. परंतु तेच यंत्र, तोच हात आणि तीच पद्धत असल्याने दर वेळी होणारी चूक सारखीच राहते, आणि सारख्या चुकीशी खेळाडूला जुळवून घेता येते. पैशाचा हिशेब यानंतरचा. आठवड्यातून जितके दिवस खेळ, तितक्या वेळा वर्षातून गटिंग, असा खेळाडूंमध्ये रूढ असलेला एक ठोकताळा आहे. घरात दोन मुले नियमित खेळत असतील तर मजुरी वाचून साधे यंत्र काही काळात वसूल होते, मात्र महिन्यातून दोनदा खेळणाऱ्याने या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

यंत्रांच्या ढोबळमानाने तीन जाती आहेत. सर्वांत स्वस्त, आणि घरासाठी बहुतेक वेळा पुरेशी, ती ‘ड्रॉप वेट’ म्हणजे भाराच्या दांडीची. तिची रचना जुन्या दांडीकाट्यासारखी असते: एका अक्षाभोवती फिरणारी लांब दांडी, दांडीवर मागेपुढे सरकणारे वजन, आणि अक्षापाशी स्ट्रिंग धरणारी गोल पकड. वजन अक्षापासून जितके दूर, तितका ताण अधिक. दांडीवर पौंड आणि किलो यांच्या खुणा कोरलेल्या असतात आणि वजन त्या खुणेवर पक्के करायचे असते. या खुणा दांडी आडवी, म्हणजे जमिनीला समांतर, असतानाच खऱ्या ठरतात. दांडी वर किंवा खाली कललेली राहिली तर वजनाचे अक्षापासूनचे आडवे अंतर कमी होते आणि ताणही कमी पडतो. नवशिक्याला ही अट जाचक वाटते व तो एकेका स्ट्रिंगसाठी पाच-पाच वेळा दांडी उचलून पुन्हा लावत बसतो, परंतु गणित तितके निष्ठुर नाही: दांडी दहा अंशांनी कलली तरी ताणात सुमारे दीड टक्क्याचाच फरक पडतो, म्हणजे ५५ पौंडांत जेमतेम पाऊण पौंडाचा. गवंड्यासारखी पाणसळ लावून पाहण्याची गरज नसते, डोळ्यांचा अंदाज पुरतो. यंत्राचे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे, कारण वजन कधीही ‘ड्रॉप’ करायचे नसते; ते हाताने धरून सावकाश खाली आणावे लागते, नाहीतर धक्क्याने स्ट्रिंगवर क्षणभर भलताच जोर येतो.

दुसरी जात ‘लॉकआउट’ यंत्रांची, ज्यांत हाताने चाक किंवा दांडा फिरवला की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि ठरवलेला ताण येताच यंत्र कुलूप लागावे तसे थांबते. काम भराभर होते, पण प्लॅस्टिकची स्ट्रिंग ताणाखाली हळूहळू लांबत असते आणि कुलूप लागल्यावर यंत्र त्या लांबण्याचा पाठलाग करत नाही, त्यामुळे चिमटा लावेपर्यंत ताण थोडा उतरलेला असतो. दांडीचे वजन आणि तिसऱ्या जातीतील विजेची मोटर या दोन्ही रीतींत स्ट्रिंग लांबली तरी ओढ चालूच राहते. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते: लॉकआउट यंत्रावर ५५ पौंडांनी गटिंग करून घेणाऱ्याने घरच्या दांडीच्या यंत्रावरही ५५च ठेवले, तर रॅकेट अधिक कडक लागते, म्हणून सुरुवात दोन-तीन पौंड खालून करावी. मोटरचे यंत्र सोयीचे खरे, परंतु त्याची किंमत धंदा करणाऱ्यालाच परवडते.

खरेदी करताना ग्राहकाचे लक्ष ताण देणाऱ्या भागाकडे जाते. ते क्लॅम्पकडे आणि फ्रेमच्या आधारांकडे अधिक जायला हवे. क्लॅम्प म्हणजे ओढलेली स्ट्रिंग पुढची ओढली जाईपर्यंत धरून ठेवणारा चिमटा. स्वस्त यंत्राबरोबर ‘फ्लाइंग’ म्हणजे सुटे क्लॅम्प येतात, जे शेजारच्या स्ट्रिंगच्याच आधाराने उभे राहतात आणि ओढ सुटताच किंचित कलंडून थोडा ताण गमावतात. ‘फिक्स्ड’ क्लॅम्प यंत्राच्या पायाला बसवलेले असतात व जागचे हलत नाहीत. खिशाला झेपत असेल तर मोटरवर खर्च करण्याआधी या क्लॅम्पवर खर्च करणे शहाणपणाचे. आधारांचे महत्त्व कळण्यासाठी थोडा हिशेब पुरे. ५५ पौंड म्हणजे जवळपास २५ किलो, अर्थात तांदळाच्या एका गोणीचे वजन. बहुसंख्य रॅकेटमध्ये १६ उभ्या आणि १९ आडव्या स्ट्रिंग्ज असतात. उभ्यांना ‘मेन्स’ आणि आडव्यांना ‘क्रॉसेस’ म्हणतात. आधी सगळ्या उभ्या ओढल्या जातात, आणि त्या ओढून झाल्या पण आडव्या अजून घातल्या नाहीत अशा टप्प्यावर, रॅकेटचे डोके आणि गळा यांना एकमेकांकडे खेचणाऱ्या सोळा गोण्या त्या हलक्या फ्रेमवर लोंबत असतात. फ्रेम लांबीने आखडते व बाजूंनी फुगते. आडव्या स्ट्रिंग्ज घातल्या की त्या बाजूंना आत ओढून तिला पुन्हा मूळ आकारावर आणतात. हा मधला काळ निभावून नेणे हे आधारांचे काम आहे. दोन टोकांशीच धरणारी यंत्रेही चालतात, पण चार किंवा सहा ठिकाणी धरणारे यंत्र फ्रेमच्या दृष्टीने निर्धास्त असते. स्ट्रिंग तुटलेली रॅकेट तशीच ठेवू नये, उरलेल्या स्ट्रिंग्ज मध्यापासून बाहेरच्या दिशेने लवकर कापून टाकाव्यात, असे जाणकार सांगतात त्याचे कारणही हेच असमान ओढीचे.

कापण्यापूर्वी जुन्या विणीचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. रॅकेटच्या कडेच्या भोकांपैकी काही भोके उभ्या स्ट्रिंग्जनी सोडून द्यायची असतात, काही गाठीसाठी मोठी ठेवलेली असतात, आणि हा नकाशा प्रत्येक मॉडेलचा निराळा असतो. ताणाची शिफारस केलेली मर्यादा बहुधा फ्रेमवरच छापलेली असते. एका रॅकेटला साधारण १२ मीटर स्ट्रिंग लागते. ती अखंड वापरायची असेल तर तिच्या दोन बाजू असमान ठेवाव्या लागतात: लांड्या बाजूने फक्त आठ उभ्या घालायच्या, आणि लांब बाजूने आठ उभ्या घालून शिवाय सगळ्या आडव्याही विणायच्या. लांडी बाजू मोजताना शेवटच्या स्ट्रिंगचे टोक भोकाबाहेर येऊन यंत्राच्या पकडीपर्यंत पोचायला हवे, हे नवशिका हमखास विसरतो, आणि सात स्ट्रिंग्ज नीट झाल्यावर आठवीला चार बोटे कमी पडतात. या धोक्यामुळे पहिल्या काही रॅकेट्सना उभ्या-आडव्यांसाठी दोन वेगळे तुकडे वापरणे सोपे जाते. गाठी दोनाच्या चार होतात, इतकेच. उभ्या ओढताना मधल्या दोनांपासून सुरुवात करून डावी-उजवी बाजू बरोबरीने नेत जावे, म्हणजे फ्रेम एका अंगाला पिळत नाही.

उभ्यांना फार तर अर्धा तास लागतो. वेळ खातात त्या आडव्या. मागावर ताण्यातून बाणा जावा तशी आडवी स्ट्रिंग एका उभीच्या वरून, दुसरीच्या खालून अशी सोळा वेळा जाते, आणि पुढची ओळ नेमकी उलट. एका हाताचे बोट खालून उभ्या स्ट्रिंग्ज आळीपाळीने वर उचलत जाते आणि दुसऱ्या हाताचा चिमटीतला शेंडा त्यांतून पुढे ढकलला जातो. हे एकदा बोटांना उमगले की डोळ्यांची मदत फारशी लागत नाही, पण पहिल्या रॅकेटला बोटांची कातडी सोलून निघते. ओढण्याआधीच पुढची एक ओळ विणून ठेवावी, कारण आधीची ओळ ताठ होण्यापूर्वी विणणे सोपे असते. लांब शेपूट भरकन खेचून घेतल्यास स्ट्रिंग एकाच जागी घासून तापते आणि तिथे चर पडतो. म्हणून ती ओढताना वरखाली पंख्यासारखी हलवत न्यावी. ओढ चालू असताना आडवी बोटांनी सरळ करून घ्यावी, अन्यथा घर्षणामुळे पकडीपाशी ५५ असलेला ताण पलीकडच्या टोकाशी बराच कमी पोचतो.

प्रत्येक ओळ झाली की प्रकाश तिरपा पडेल अशा बेताने फ्रेमकडे पाहून वर-खाली क्रम तपासणे, हा या कामातला एकमेव न मोडायचा नियम समजावा. चौथ्या ओळीत दोन स्ट्रिंग्जखालून गेलेली चूक बाराव्या ओळीला दिसली तर चौथीसह नऊ ओळी उसवण्यावाचून गत्यंतर नसते. या वर-खालीला क्रीडानियमांचाही आधार आहे. १९७७ साली ‘स्पॅगेटी’ म्हणून गाजलेल्या विणीत उभ्या स्ट्रिंग्जचे दोन थर आडव्यांत न गुंतता मोकळे सरकत आणि चेंडूला विलक्षण फिरकी देत. फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे इली नास्तासे असली रॅकेट घेऊन उतरला तेव्हा क्ले कोर्टवर कित्येक महिने अजिंक्य असलेल्या गिलेर्मो विलास याने दोन सेट गमावून सामना अर्ध्यावर सोडला. त्यानंतर या विणीवर बंदी आली आणि स्ट्रिंग्ज आळीपाळीने गुंफलेल्या किंवा छेदबिंदूशी जोडलेल्या असाव्यात, ही अट नियमांत बसली.

गाठीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शेजारच्या ताठ स्ट्रिंगभोवती दोन वेढ्यांची निरगाठ घालून ती पक्कडीने आवळायची. शेवटच्या स्ट्रिंगचा ताण गाठ बसेपर्यंत उतरतो म्हणून ती काही पौंड अधिक ओढण्याचा प्रघात आहे. लांब चोचीची पक्कड, कटर आणि बोथट टोकाची आरी एवढ्या हत्यारांवर काम भागते, परंतु आरीने दाटीच्या भोकात वाट करताना आधीची स्ट्रिंग ओरखडली तर ती पुढे तिथेच तुटते. क्लॅम्पचे दात अधूनमधून स्पिरिटने पुसावेत, कारण स्ट्रिंगवरचा मेणचट लेप त्यांवर साचून पकड निसटू लागते. बॅडमिंटनची रॅकेटही याच यंत्रावर करायची असेल, आणि मराठी घरांत ती शक्यता टेनिसपेक्षा अधिक, तर तिच्या बारीक स्ट्रिंगला चालणारे क्लॅम्प व तिच्या नाजूक फ्रेमचे आधार मिळतात ना हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. तिथे ताण २० ते ३० पौंडांचा असला तरी फ्रेम चटकन तडकते, आणि दोनच आधारांचे यंत्र तिच्यासाठी जोखमीचे ठरते.

यंत्राच्या खुणा कितपत खऱ्या आहेत हे तपासायला प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा, आकड्याचा काटा पुरतो. जुन्या स्ट्रिंगचा एक तुकडा काट्याच्या आकड्याला बांधून दुसरे टोक यंत्राच्या पकडीत द्यायचे, काटा फ्रेमच्या आधाराला अडकवायचा आणि वजन २५ किलोंच्या खुणेवर ठेवून दांडी आडवी होऊ द्यायची. काट्यावर २४ दिसले तर वजन २५ दिसेपर्यंत बाहेर सरकवावे, दांडीवर त्या जागी पक्क्या शाईची स्वतःची खूण करावी, आणि रॅकेटच्या गळ्याशी चिकटवायच्या चिठ्ठीवर तारीख, स्ट्रिंगचे नाव व काट्याशी पडताळलेला ताण लिहावा.