तिघांतले कोणतेही दोघे

मेहुणे गेले तेव्हा बँक, विमा, फोटो, सगळे फोनमध्ये होते आणि फोन कुलूपबंद. तेराव्यापर्यंत बहीण वाढदिवस, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर टाकून पाहत होती. पुढे वारसाचे कागद घेऊन तिने आठ महिने हेलपाटे घातले. त्यानंतर मी या प्रश्नाच्या मागे लागलो.

पासवर्ड वहीत लिहावा तर कोणीही वाचेल. न लिहावा तर तो आपल्याबरोबर जातो. अर्धा मुलाला, अर्धा बायकोला ही युक्ती सगळ्यांनाच सुचते, पण एक चिठ्ठी हरवली की सगळेच हरवले. शिवाय अर्धा हाती असलेल्याला उरलेला ओळखणे पुष्कळच सोपे.

तोडगा १९७९ सालचा आहे. इस्रायली गणिती आदी शामीर यांनी जेमतेम दोन पानांचा निबंध लिहिला. त्याच वर्षी जॉर्ज ब्लेकली यांनी स्वतंत्रपणे, वेगळ्या भूमितीने तेच साधले. शामीर एका जुन्या कोड्यापासून सुरुवात करतात: अकरा शास्त्रज्ञांपैकी कोणतेही सहा जमले तरच कपाट उघडावे. साध्या कुलपांनी हे करायचे तर ४६२ कुलपे लागतात, आणि प्रत्येकाच्या कमरेला २५२ किल्ल्या!

त्यांचे उत्तर मात्र शाळेच्या आलेख-कागदावर मावते. गुपित ७ धरा. उभ्या अक्षाला ७ वर छेदणारी रेषा काढा. तिचा चढ चिठ्ठी टाकून ठरवा, समजा ३ आला. मग रेषेवरचे पुढचे बिंदू (१,१०), (२,१३), (३,१६). तिघांना एकेक द्या. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, म्हणून कोणतेही दोघे ती मागे वाढवून ७ वर पोचतात. एका बिंदूतून मात्र हव्या तितक्या रेषा जातात. (प्रत्यक्षात हे गणित मोठ्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीवर करतात; नाहीतर एकट्यालाही थोडा अंदाज बांधता येतो.)

माझे सगळे पासवर्ड ज्या एका पासवर्डमागे आहेत, त्याचे मी असे तीन भाग केले: बायको, मुलगा, बहीण. कोणती खाती कुठे आहेत याची यादी, पासवर्डविना, रेशनकार्डाच्या फाइलीत लावली.

बायकोने चिठ्ठी हातात घेतली. "अहो, पण मी आणि वन्सं मिळून हे आजच उघडू शकतो की!"

"उघडू शकता," मी म्हणालो. रेषेला मृत्यूचा दाखला कळत नाही. तिने चिठ्ठी दागिन्यांच्या डब्यात ठेवली.